अमेरिकन क्रांतियुद्धातील मिलिशिया सैनिकांचे वंशावळ संशोधन

अमेरिकन क्रांतियुद्धात (इ.स. १७७५ ते १७८३) वसाहतींच्या स्थानिक नागरी सैन्यात, म्हणजेच मिलिशियात, लढलेल्या व्यक्तीचे आईवडील, पत्नी, अपत्ये व वंशज यांचा कागदपत्रांच्या आधारे घेतलेला शोध म्हणजे मिलिशिया सैनिकांचे वंशावळ संशोधन होय. या सैनिकांच्या कुटुंबांविषयीची सर्वाधिक माहिती युद्धकाळातील लष्करी नोंदींत नव्हे, तर अनेक दशकांनंतर केलेल्या निवृत्तिवेतनाच्या अर्जांत आढळते.

पार्श्वभूमी

बहुतेक वसाहतींत साधारणपणे १६ ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांना मिलिशियात नाव नोंदवावे लागे. गरजेनुसार त्यांना काही दिवस किंवा काही महिन्यांसाठी बोलावले जाई आणि काम संपताच ते शेतीकडे परतत. त्यामुळे कायमस्वरूपी असलेल्या काँटिनेंटल सैन्याच्या तुलनेत त्यांच्या सेवेच्या नोंदी तुटक आहेत. हजेरीपटांवर बहुधा नाव, हुद्दा व सेवेचे दिवस एवढाच तपशील असे. ८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्ध खात्याच्या कार्यालयाला लागलेल्या आगीत तोपर्यंत जमा झालेले बरेच कागद नष्ट झाले.

तथापि मिलिशियाची तुकडी एकाच गावातून किंवा परिसरातून उभी राहत असल्याने भाऊ, चुलतभाऊ व मेहुणे बहुधा एकाच पटावर आढळतात. म्हणून एका सैनिकाचा शोध घेताना संपूर्ण तुकडीची यादी तपासली जाते.

निवृत्तिवेतनाचे अर्ज

इ.स. १८१८ च्या कायद्याने गरजू काँटिनेंटल सैनिकांना निवृत्तिवेतन मिळाले. मिलिशिया सैनिक त्यातून वगळले गेले. इ.स. १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशिया सैनिकांनाही हा हक्क दिला. बहुतेक अर्जदारांकडे लेखी पुरावा नसल्याने त्यांना न्यायालयात शपथेवर आपली हकिकत सांगावी लागे. जन्म कोठे व केव्हा झाला, सेवेच्या वेळी वास्तव्य कोठे होते, त्यानंतर कोठे राहिले, स्वेच्छेने भरती झाले की दुसऱ्याच्या बदली गेले, असे ठरावीक प्रश्न विचारले जात. या उत्तरांमुळे कुटुंबाच्या स्थलांतराचा मार्ग कळतो आणि पुढील शोध कोणत्या गावात घ्यावा हे ठरते.

विधवांच्या अर्जांचे महत्त्व याहून अधिक आहे. इ.स. १८३६ च्या कायद्यानुसार, सैनिकाची सेवा संपण्यापूर्वी विवाह झाला असेल तरच विधवेला वेतन मिळे. पुढील कायद्यांनी ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली व इ.स. १८५३ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. विवाहाची तारीख सिद्ध करण्यासाठी अनेक स्त्रियांनी घरातील बायबलमधील जन्म, विवाह व मृत्यू लिहिलेली पाने काढून अर्जासोबत पाठवली. अशी काही पाने आजही राष्ट्रीय अभिलेखागारातील फायलींमध्ये आहेत.

समान नावांची अडचण

एकाच गावात एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असणे ही या संशोधनातील नेहमीची अडचण आहे. मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन येथे १९ एप्रिल १७७५ रोजी जोनाथन हॅरिंग्टन मारले गेले. त्याच तुकडीतील बासरीवादक जोनाथन हॅरिंग्टन मात्र इ.स. १८५४ पर्यंत जगले. नावापुढील ‘ज्युनियर’ हा शब्दही त्या काळी नेहमीच पिता-पुत्राचे नाते दाखवत नसे. गावातील त्याच नावाच्या वयाने लहान व्यक्तीसाठीही तो वापरला जाई. त्यामुळे केवळ नाव जुळणे हा नात्याचा पुरावा मानला जात नाही. मृत्युपत्रे, जमिनीचे दस्तऐवज, करांच्या याद्या व चर्चमधील नोंदी यांच्याशी वय, पत्नीचे नाव व वास्तव्य पडताळून पाहावे लागते.

जनगणनेचा उपयोगही मर्यादित आहे. इ.स. १७९० ते १८४० च्या जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. इ.स. १८४० च्या जनगणनेत मात्र निवृत्तिवेतनधारकांची नावे व वये स्वतंत्रपणे नोंदवली गेली. वृद्ध सैनिक कोणाच्या घरी राहत होता हे त्यातून समजते. तो घरमालक अनेकदा मुलगा किंवा जावई असतो.

नोंदींची विषमता

गुलामगिरीतील सैनिकांच्या बाबतीत हा शोध अधिक कठीण ठरतो. लेक्झिंग्टनच्या लढाईत जखमी झालेले प्रिन्स एस्टाब्रूक हे गुलाम होते व त्यांचे आडनाव मालकाच्या कुटुंबाचे होते. अशा वेळी आडनावावरून रक्ताचे नाते शोधता येत नाही. मालकाची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या व खरेदीखते तपासावी लागतात. गुलामगिरीतून पळून सैन्यात दाखल झालेले जेहू ग्रांट यांनी इ.स. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज केला होता. सेवेच्या काळात ते पळालेले गुलाम होते, या कारणावरून तो नाकारण्यात आला. परंतु त्यांची हकिकत फाइलमध्ये टिकून राहिली. त्यामुळे फेटाळलेले अर्जही मंजूर अर्जांइतकेच काळजीपूर्वक पाहिले जातात.

वंशजांच्या संस्था

इ.स. १८८९ मध्ये ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ व इ.स. १८९० मध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्था स्थापन झाल्या. सदस्यत्वासाठी क्रांतिकाळातील पूर्वजापासून अर्जदारापर्यंतच्या प्रत्येक पिढीचा संबंध सिद्ध करावा लागतो. पूर्वीच्या काळी स्वीकारलेल्या काही वंशावळी नव्या पुराव्यांमुळे चुकीच्या ठरल्या आहेत. म्हणून छापील वंशावळ हा शोधाचा प्रारंभ मानून तिच्यातील प्रत्येक दुवा मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिला जातो.