लिलावाच्या रात्रीचे गुण

शिरगावच्या वाटेला लागणारी गर्दी बहुतेक प्रतिशिर्डीच्या साईमंदिराची. शेजारच्या गहुंज्यात एप्रिल २०१२ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम सुरू झालं आणि मावळच्या या टोकाला सामन्याच्या दिवशीची गर्दीही ओळखीची झाली. आयपीएलमधल्या ज्या संघांनी या मैदानाला आपलं घर म्हटलं, त्यांतले तीन: पुणे वॉरियर्स, रायझिंग पुणे सुपरजायंट आणि २०१८ च्या एका हंगामापुरती चेन्नई सुपर किंग्ज. तिघांच्याही बाबतीत लिलाव संपताच जाणकारांनी संघाला गुण दिले होते आणि हंगाम संपेपर्यंत त्यातले बरेचसे गुण खोडावे लागले.

असे गुण देण्याचा छंद आता घरोघरी पोचला आहे. मावळातल्या कितीतरी गावांत टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग भरतात. त्यात संघमालक असतात, ठरावीक पॉइंट असतात, ‘आयकॉन’ खेळाडू असतो आणि बोली लागते. मोबाइलवर फँटसी संघ लावणारे त्याहून जास्त. खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करायचा आणि त्यांनी मैदानात केलेल्या कामगिरीचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे, हा तो खेळ. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये मित्रांबरोबर त्याचे नियम आखले आणि पुढच्या वर्षी पहिला ‘ड्राफ्ट’, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. आपल्याकडे त्याला पैशांची जोड मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. फुकट खेळणाऱ्यांची हौस मात्र टिकून आहे. त्यामुळे निवडलेल्या संघाचं मूल्यमापन कसं करावं हा प्रश्नही टिकून आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण गहुंज्यातच सापडतं.

दहा खेळाडू, दोन संघ

चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली तेव्हा त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट हे नवे संघ आले. १५ डिसेंबर २०१५ रोजी दोघांनी बंदीतल्या संघांचे खेळाडू पाळीपाळीने निवडले. आयपीएलच्या इतिहासात फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टशी इतकं मिळतंजुळतं क्वचितच काही घडलं असेल. पहिली पाळी पुण्याची, म्हणजे रायझिंग पुणे सुपरजायंटची, होती. पुण्याने महेंद्रसिंह धोनी, अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डु प्लेसी यांना घेतलं. राजकोटकडे, म्हणजे गुजरात लायन्सकडे, सुरेश रैना, रवींद्र जडेजा, ब्रेंडन मॅक्युलम, जेम्स फॉकनर आणि ड्वेन ब्राव्हो गेले. किमती क्रमानुसार बांधलेल्या होत्या: साडेबारा कोटी, साडेनऊ, साडेसात, साडेपाच आणि चार.

नावं पाहिली तर पुण्याचं पारडं जड होतं. धोनीसारखा कर्णधार, भारताचा पहिल्या क्रमांकाचा फिरकीपटू आणि ऑस्ट्रेलियाचा सर्वोत्तम फलंदाज एकाच संघात होते. पण २०१६ मध्ये साखळी फेरीअखेर गुजरात पहिल्या क्रमांकावर होता आणि पुणे आठ संघांत सातवा, चौदा सामन्यांत पाच विजय. पुढच्या वर्षी चित्र पालटलं. पुणे साखळीत दुसरा आला आणि अंतिम सामन्यापर्यंत गेला, गुजरात सातव्या क्रमांकावर घसरला. त्या डिसेंबरात वाटले गेलेले खेळाडू तेच होते. मग दोन हंगामांत बदललं काय?

बाकी काय उरलं?

पहिली गोष्ट पैशाची. संघासाठी एकूण ६६ कोटींची मर्यादा होती. पाच खेळाडूंवर ३९ कोटी गेल्यावर उरलेल्या सगळ्या संघासाठी २७ कोटी राहिले. लिलावाच्या रात्री आपण त्या पाचांकडे पाहून गुण देतो, हंगाम मात्र सहाव्यापासून विसाव्यापर्यंतच्या खेळाडूंवर तोलला जातो. २०१६ च्या लिलावात पुण्याने मुरुगन अश्विन या तरुण लेगस्पिनरला दहा लाखांच्या पायाभूत किमतीवरून साडेचार कोटींपर्यंत नेलं. त्याने सात बळी घेतले. एक बळी साधारण ६४ लाखांना पडला.

२०१७ मध्ये बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले म्हणून चर्चा त्याचीच झाली. स्टोक्स त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही ठरला. तरीही हंगाम उचलून धरला तो यादीच्या तळातल्या नावांनी. तीस लाखांत आलेल्या जयदेव उनाडकटने बारा सामन्यांत २४ बळी घेतले. दहा लाखांत आलेल्या राहुल त्रिपाठीने ३९१ धावा केल्या, त्यात ईडन गार्डन्सवर ५२ चेंडूंत ९३. लिलावात कुणीही न घेतलेला इम्रान ताहिर जखमी मिचेल मार्शच्या जागी आला आणि त्याने १८ बळी मिळवले. रविचंद्रन अश्विन दुखापतीने संपूर्ण हंगाम बाहेर राहिला आणि त्याच्या जागी आलेल्या सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने मुंबईविरुद्धच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये १६ धावांत तीन बळी घेतले.

फँटसी फुटबॉलमधले जुने खेळाडू हाच हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडतात. खेळाडू किती चांगला आहे हे ते विचारत नाहीत. त्याच जागेवर फुकटात मिळणाऱ्यापेक्षा तो किती जास्त देतो, हे विचारतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणारे भरवशाचे खेळाडू थोडे असतात, म्हणून ते ड्राफ्टमध्ये आधी उचलले जातात. किक मारून गुण मिळवणाऱ्यांमध्ये फारसा फरक नसतो, म्हणून ते शेवटी. आपल्याकडे सलामीला येऊन धावा करणारे बरेच सापडतात. शेवटच्या चार षटकांत डोकं शांत ठेवून टाकणारा भारतीय वेगवान गोलंदाज दुर्मीळ, त्यात परदेशी खेळाडू अकरांत चारच. म्हणून उनाडकटची खरी किंमत तीस लाखांच्या कितीतरी पट होती.

हजेरीपट

दुसरा प्रश्न साधा आहे: हा गडी खेळायला असणार का? २०१६ मध्ये पुण्याच्या केव्हिन पीटरसन, डु प्लेसी, स्मिथ आणि मार्श या चार परदेशी खेळाडूंना दुखापतीमुळे हंगाम अर्धवट सोडावा लागला. एखादी दुखापत कमनशीब म्हणून सोडून देता येते. चार म्हटल्यावर पर्यायी फळी किती जाड होती याची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेत पुणे नापास झालं.

काही गैरहजेऱ्या मात्र आधीच ठाऊक असतात. २०१७ मध्ये इंग्लंडचे खेळाडू देशाच्या संघासाठी बाद फेरीआधी परतणार, हे लिलावाच्या वेळीच सांगितलं गेलं होतं. स्टोक्स बारा सामने खेळून गेला, ताहिरही बारा सामन्यांनंतर दक्षिण आफ्रिकेच्या संघात दाखल झाला. सर्वांत महागडा खेळाडू सर्वांत महत्त्वाच्या दोन सामन्यांत नसणार, हे कॅलेंडरमध्ये छापलेलं होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाला हंगामात एक आठवडा सुट्टी असते. आपले तीन मोठे खेळाडू एकाच सुट्टीत अडकणार नाहीत ना, हे फँटसीतला मुरलेला गडी ड्राफ्टच्या आधीच पाहून ठेवतो.

घर कुठे आहे?

तिसरी बाब मैदानाची, आणि तिथे गहुंज्याची कहाणी बोलकी आहे. २०१६ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश झाला. १ मेचा मुंबईविरुद्धचा सामना तेवढा सवलत मिळून गहुंज्यात झाला, पुढचे ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला. त्याआधी गहुंज्यात बेंगळुरू, कोलकाता आणि गुजरात येऊन जिंकून गेले होते, मुंबईनेही तेच केलं. घरच्या मैदानावर चार सामने आणि चारही पराभव. पुढच्या वर्षी याच खेळपट्टीवर सातपैकी पाच विजय मिळाले. १ मे २०१७ रोजी गुजरातविरुद्ध १६२ धावांचा पाठलाग करताना तीन बाद दहा अशी अवस्था असताना स्टोक्सने नाबाद १०३ धावा केल्या, त्याही इथेच.

२०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने पुण्याला हलले. खास रेल्वेने चेन्नईहून प्रेक्षक आले. तिशी उलटलेल्या खेळाडूंच्या भरण्यामुळे त्या संघाची लिलावानंतर ‘म्हाताऱ्यांची फौज’ म्हणून टवाळी झाली होती. त्यांनी गहुंज्यातले सहापैकी पाच सामने जिंकले आणि शेवटी करंडकही. अंतिम सामन्यात नाबाद ११७ धावा करणारा शेन वॉटसन तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. वयाला कमी गुण देणाऱ्यांनी एक बघितलं नाही: वीस षटकांच्या खेळात एका दिवसाचं श्रम मर्यादित असतं, अनुभवाला मात्र प्रत्येक षटकात काम असतं.

गेल्या वर्षीचा माल

मूल्यमापनातला चौथा धोका म्हणजे स्वस्तातल्या रत्नाला पुढच्या वर्षी सोन्याच्या भावात घेणं. चोवीस बळींनंतर २०१८ च्या लिलावात उनाडकटला राजस्थानने साडेअकरा कोटींना घेतलं. त्या लिलावातला तो सर्वांत महागडा भारतीय. त्याने अकरा बळी घेतले. गोलंदाजी एका वर्षात निम्म्यावर आली असं मुळीच नाही. असामान्य हंगामात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो: उंच उडालेले झेल हातात बसतात, फलंदाज नेमका त्याच्याच षटकात जोखीम घेतात. पुढच्या हंगामात कौशल्य सोबत येतं, नशीब येईलच असं नाही. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून बोली लावू नये, तीन वर्षांची सरासरी पाहावी.

संघाच्या बाबतीतही तेच. २०१६ मध्ये पुण्याला गुजरातने शेवटच्या चेंडूवर हरवलं, त्या सामन्यात स्मिथने शतक केलं होतं. कोलकात्याकडून हार झाली ती दोन गडी राखून. विशाखापट्टणमला हैदराबादविरुद्ध ॲडम झाम्पाने १९ धावांत सहा बळी घेतले आणि तरी पुणे चार धावांनी हरलं. २०१७ मध्ये असे सामने पुण्याच्या बाजूने झुकले: वानखेडेवर मुंबईविरुद्ध तीन धावांनी विजय, गहुंज्यात हैदराबादविरुद्ध शेवटच्या चेंडूवर विजय. अटीतटीचे सामने वर्षानुवर्षं जिंकत राहणारे संघ फार थोडे. त्यामुळे चुरशीचे पराभव जास्त असलेला संघ पुढच्या वर्षी सुधारण्याची शक्यता जास्त, आणि चुरशीचे विजय जास्त असलेला संघ घसरण्याची. गुजरातचं २०१७ मध्ये तेच झालं, त्यात ब्राव्हो संपूर्ण हंगाम जायबंदी.

मग गुण कसे द्यावेत?

संघ पाहिल्यावर चार प्रश्न विचारावेत. पहिल्या पाचांना बाजूला ठेवून उरलेल्यांमधून सामना जिंकून देणारे किती? दुर्मीळ जागा आधी भरल्या का, की नाव ऐकून फलंदाजच गोळा केले? कुणाची गैरहजेरी आजच दिसते आहे? आणि निवडलेले खेळाडू ज्या मैदानावर निम्मे सामने होणार तिथे चालणारे आहेत का? या चारांची उत्तरं मिळाल्यावर क्रमांक सांगू नये, पल्ला सांगावा. ‘हा संघ तिसरा येईल’ या वाक्यापेक्षा ‘सगळे तंदुरुस्त राहिले तर दुसरा, दोघे जायबंदी झाले तर सातवा’ हे वाक्य जास्त प्रामाणिक आणि जास्त उपयोगी. पुण्याचे दोन्ही हंगाम अशाच पल्ल्याच्या दोन टोकांना होते.

पुणे वॉरियर्सच्या बाबतीत हा पल्लाच अरुंद होता. २०११ मध्ये दहा संघांत नववा, २०१२ मध्ये नवांत नववा, २०१३ मध्ये नवांत आठवा. युवराज सिंगवर २०११ मध्ये मोठी रक्कम लावली होती, पुढच्याच वर्षी तो कर्करोगाच्या उपचारांसाठी बाहेर राहिला. त्याची कमतरता भरून काढणारा दुसरा कुणी फळीत नव्हता. गहुंज्यात २०२३ पासून खेळल्या जाणाऱ्या महाराष्ट्र प्रीमियर लीगनेही तोच धडा दिला. ऋतुराज गायकवाडसारखा आयकॉन पुणेरी बाप्पाकडे होता, पहिल्या दोन वर्षांचं विजेतेपद मात्र रत्नागिरी जेट्सने नेलं.

शेवटची गोष्ट २१ मे २०१७ च्या हैदराबादच्या अंतिम सामन्याची. मुंबईच्या १२९ धावा. त्या हंगामात पुण्याने मुंबईला तीनदा हरवलं होतं. शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर चार. दोन धावा पूर्ण झाल्या, तिसरी घेताना गडी धावबाद झाला आणि पुणे एका धावेने हरलं. तो चेंडू सीमारेषेपार गेला असता, तर २०१५ चा ड्राफ्ट आणि २०१७ चा लिलाव आज अभ्यासाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. निवड मात्र दोन्ही परिस्थितीत तीच राहिली असती. म्हणून गुण निवडीला द्यावेत, करंडकाला नाही. गावच्या लीगमध्ये शंभर पॉइंट हातात असतील, तर साठ एका आयकॉनवर उधळण्याआधी राखीव गड्यासाठी दहा बाजूला ठेवावेत.