लॅटिन अमेरिकेतला विषमतेचा अभ्यास

सामाजिक न्याय आणि विषमता यांचे पदव्युत्तर शिक्षण स्पॅनिशमधून देणाऱ्या संस्थांत ‘फ्लाक्सो’ हे मोठे नाव आहे. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५७ मध्ये ती चिलीत सुरू झाली. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे कोंडी झाली, आणि तिचा विस्तार अर्जेंटिना, मेक्सिको, इक्वेडोरमध्ये झाला.

अशा अभ्यासक्रमांत जिनी निर्देशांकासारखी विषमतेची मोजमापे असतातच, पण खरा कस लागतो तो धोरणांची चिकित्सा करताना. मेक्सिकोची १९९७ ची ‘प्रोग्रेसा’ योजना हे त्याचे ठळक उदाहरण. मुले शाळेत जात असतील, कुटुंब आरोग्य तपासणीला येत असेल, तर रोख रक्कम आईच्या हाती दिली जाई. मुले अधिक वर्षे शाळेत टिकली, विशेषतः मुली. पण तपासण्या, बैठका, अटींची पूर्तता हे सारे ओझेही आईच्याच डोक्यावर आले, अशी स्त्रीवादी अभ्यासकांची टीका आहे, आणि ती रास्तच म्हणावी लागेल.

पेरूचे समाजशास्त्रज्ञ आनिबाल किहानो यांनी वसाहती संपल्यावरही वंशाधारित उतरंड कशी टिकली, हे मांडले. हा मुद्दा या अभ्यासक्रमांच्या वर्गखोलीलाही लागू पडतो: केचुआ ही मूळनिवासी भाषा बोलत वाढलेल्या विद्यार्थ्याला हा न्यायविचार जेत्यांच्याच भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, शिकावा लागतो.