नाडी वाढता कामा नये

"काका, न थांबता दोन जिने चढता का?" एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाला भूलतज्ज्ञ मॅडम विचारत होत्या. मी शेजारच्या खाटेपाशी बसले होते. ऑपरेशन पित्ताशयाचं, आणि चौकशी सगळी छातीची. काका म्हणाले, "एक चढतो. दुसऱ्याला कठडा धरून उभा राहतो." मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं केसपेपरवर उतरवलं. ते उतरवून घेणं मनातून जाईना, म्हणून परवानगी काढून ऑपरेशनच्या दिवशी मी त्यांच्यामागे उभी राहिले.

काकांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. मॅडमनी आदल्या संध्याकाळीच हिशेब मांडला होता: एरवी शरीर रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन वापरतं, हृदयाचा स्नायू मात्र आपण स्वस्थ पडलेले असतानाही सुमारे ७० टक्के काढून घेतो. गरज वाढली तर जास्त रक्त आणायचं, एवढाच मार्ग उरतो, आणि तीच वाट चिंचोळी. शिवाय डाव्या जवनिकेला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडल्यावर, दोन ठोक्यांच्या मधे. नाडी वाढली की मागणी वाढते आणि नेमका तोच वेळ आखडतो.

काका जागे असतानाच मनगटाच्या धमनीत बारीक नळी गेली. रक्तदाब ठोक्याठोक्याला दिसू लागला. मग भुलेची औषधं: फेंटानिल, मग प्रोपोफॉल, थोडं थोडं, थांबून थांबून. सर्जन दोनदा डोकावून गेले. मॅडमनी मॉनिटरवरची नजर हलवली नाही. प्रोपोफॉलने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब घसरतो, आणि अरुंद जागेतून रक्त पुढे ढकलणारा जोरच जातो. सरासरी दाब ६५ कडे उतरू लागला तशी दाब वाढवणाऱ्या फिनाइलएफ्रिनची सिरिंज पुढे झाली.

लगेच उलटं संकट. घशात नळी घालताना गाढ भुलेतलं शरीरही दचकतं. नाडी ६२ वरून ८८ वर. नाडी उतरवणारं एस्मोलॉल गेलं. ते काही क्षण मला फार लांब वाटले. "७० टक्के आधीच काढून झालेत," मॅडम पुटपुटल्या, माझ्याशी की स्वतःशी कळलं नाही.

मग सगळ्यांनाच आधीपासून नाडी उतरवणारी गोळी का देत नाहीत? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पॉइज अभ्यासात आठ हजारांवर रुग्ण होते. ऑपरेशनच्या दिवशीच मेटोप्रोलॉल सुरू केलं, तेव्हा हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. ज्यांची गोळी चालूच आहे त्यांची मात्र तोडत नाहीत. काकांनी ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घेतली होती.

पित्ताशय निघालं. जाग येताना काका कुडकुडू लागले तर ऑक्सिजनची मागणी पुन्हा उसळणार, म्हणून गरम हवेचं पांघरूण आधीच घातलेलं.

घरच्यांनी सर्जनचे हात धरून आभार मानले. मॅडमचं नाव कुणी विचारलं नाही, आणि ते मला फार लागलं. कारण त्यांचं काम अजून संपलेलं नव्हतं. ऑपरेशननंतरचे हार्ट अटॅक बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि वेदनाशामकांमुळे अनेकदा छातीत दुखतच नाही. दुसऱ्या सकाळी त्या वॉर्डात आल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, "छातीत दुखतंय का, एवढं विचारून थांबू नकोस. ईसीजी काढ, ट्रोपोनिनसाठी रक्त पाठव. आणि टाके दुखतात म्हणून कण्हायला लागले तर मला फोन कर, दुखण्यानेही नाडी वाढते."