आजींची औषधांची पिशवी

दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करत इंदापूरला येते. दिंड्यांत सत्तरी ओलांडलेली माणसे पुष्कळ असतात. चालणे भरपूर, जेवणाची वेळ अनिश्चित. अशा एखाद्या आजी वाटेवरच्या आरोग्य पथकात मधुमेहाची गोळी मागतात, तेव्हा जाणती सिस्टर आधी विचारते, ‘‘आजी, सकाळपासून काय खाल्लंत?’’ ही नुसती आपुलकी नव्हे. या प्रश्नामागे शरीरशास्त्र आहे आणि थोडे गणितही.

शरीरात गेलेले औषध निकामी करणे आणि बाहेर टाकणे हे काम मुख्यतः यकृत व मूत्रपिंडे करतात. वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटत जाते. पण रक्ततपासणीत ही घट बरेचदा दिसतच नाही. तपासणीत मोजतात क्रिएटिनिन, आणि ते तयार होते स्नायूंत. म्हातारपणी स्नायू झडतात, म्हणजे क्रिएटिनिन मुळात कमी बनते. हौदात येणारे पाणी कमी झाले आणि बाहेर जाणारी तोटीही बारीक झाली, तर पातळी तीच राहते. तसाच रिपोर्टवरचा आकडा ‘नॉर्मल’ राहतो.

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली यावर एक सोपे सूत्र दिले. १४० मधून वय वजा करा, उरलेल्या संख्येला किलोग्रॅममधील वजनाने गुणा, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणा. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १ असेल, तर उत्तर येते मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर. त्यांच्या २५ वर्षांच्या, ६० किलोच्या नातवाचे क्रिएटिनिनही १ च असेल, तर उत्तर ९६. रिपोर्ट सारखा, क्षमता एक तृतीयांश! हे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे.

आता मधुमेहावरची ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी घ्या. यकृतात तिच्यापासून बनणारे पदार्थही रक्तातील साखर उतरवतात, आणि त्यांना बाहेर पडायला मूत्रपिंडे लागतात. आजींच्या शरीरात ते रेंगाळतात. त्यात एकादशीचा उपवास पडला, तर साखर फार खाली जाते. घाम येतो, आजी असंबद्ध बोलू लागतात. आणि घरचे म्हणतात, ‘‘वय झालं आता.’’ आम्हाला सर्वांत धोकादायक वाटते ते हे वाक्य. औषधाचा परिणाम वयाच्या नावावर खपून जातो.

झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपामची गोष्ट वेगळी. ते चरबीत साठते, आणि म्हातारपणी शरीरात चरबीचे प्रमाण वाढलेले असते. रक्तातील औषध निम्मे व्हायला विशीत साधारण २० तास लागतात, तर ऐंशीत ९० तासांच्या आसपास. रोज रात्री एक गोळी घेतली, तर आदल्या चार-पाच रात्रींचा साठाही अंगात असतो. पहाटे उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते.

परिचारिकेला शिकवलेल्या पाच खात्र्या आहेतच: रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ. पण वृद्धांच्या बाबतीत आमच्या मते पिशवी ओतून पाहणे तितकेच महत्त्वाचे. सरकारी दवाखान्याच्या पाकिटावर ‘अम्लोडिपिन’ लिहिलेले असते, खासगी डॉक्टरांच्या पाकिटावर कंपनीचे नाव ठळक. आजी गोळ्या ओळखतात त्या रंगावरून. एक पांढरी, एक पिवळी. रक्तदाबाची तीच गोळी दोनदा पोटात जाते. शिवाय गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली, नाव-तारखेचा भाग कापला गेलेली सुट्टी गोळी. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर ही वेदनाशामके घेतली, की मूत्रपिंडांवर ताण येतो. इंदापूरच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झालेले असताना तर अधिकच.

मोठ्या वर्गांतील मुले घरच्या आजी-आजोबांच्या गोळ्यांची यादी करू शकतील: पाकिटावरचे बारीक अक्षरांतील मूळ नाव, मात्रा, कोणी दिली, केव्हा घेतात. गोळी मात्र मुलांनी बंद करायची नाही, सिस्टरनेही परस्पर नाही. यादी डॉक्टरांपुढे ठेवायची, आणि कापलेले पाकीट असेल तर तेही सोबत न्यायचे.