रणजीचा प्रशिक्षक नेमकं काय करतो?

२६ जून २०२२ ची गोष्ट. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाची फायनल संपली आणि ४१ वेळा करंडक जिंकलेली मुंबई हरली. त्या संघात आपल्या कल्याणचा तुषार देशपांडे होता. हरवलं मध्य प्रदेशनं, आणि त्यांचे प्रशिक्षक होते मुंबईचेच, आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेले चंद्रकांत पंडित.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा कोच म्हणजे कित्येक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी माणूस. आपल्याकडे रणजी प्रशिक्षकाचं नाव विचारलं, तर रोज मुलाची किटबॅग उचलून लोकल पकडणाऱ्या पालकांनाही आठवत नाही. आपल्याला 'सर' म्हणजे तंत्र शिकवणारे, एवढंच माहीत. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे लहानपणी इथल्याच मॅटिंगच्या विकेटवर शिकला आणि सतराव्या वर्षी प्रवीण आमरे यांच्याकडे गेला. आमरेही आचरेकरांचेच शिष्य. तिथे एक फलंदाज घडला. पंडितांचं काम वेगळं, ते अकरा जणांचा संघ घडवतात.

म्हणजे काय करतात? रणजीची फायनल पाच दिवसांची. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो. मुंबईनं ३७४ केल्या. मध्य प्रदेशचे आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघात, म्हणजे दोन मोठी नावं गैरहजर. तरी यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार, तिघांनी शतकं ठोकली. डाव चौथ्या दिवशी संपला तेव्हा धावा होत्या ५३६. आता घाई मुंबईला करावी लागणार! ती केली, २६९ वर सगळे बाद झाले, आणि १०८ चं लक्ष्य मध्य प्रदेशनं सहा गडी राखून गाठलं. आम्हाला यात मोठी डोकॅलिटी दिसत नाही. दिसते ती चिकाटी, आणि ती सरावात रुजवावी लागते. पंडितांची शिस्त कडक, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

या विजयामागे एक जुनी जखमही होती. १९९९ साली याच मैदानावर फायनलमध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार पंडितच होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. ड्रॉ झाला असता तरी करंडक त्यांचाच. पण शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकलं. तेवीस वर्षांनी पंडित त्याच मैदानावर त्याच राज्याचे प्रशिक्षक म्हणून उभे होते, तेव्हा डोळे पाणावले यात नवल काय?

त्याआधी मुंबईला त्यांनी तीनदा करंडक मिळवून दिला होता. मग विदर्भ. रणजी कधीच न जिंकलेला संघ, २०१७-१८ मध्ये जिंकला आणि पुढच्या वर्षी परत जिंकला. संघ बदलला, निकाल तोच.

पुढे आयपीएल. कोलकाता नाइट रायडर्सनं २०२४ चं जेतेपद मिळवलं तेव्हा मुख्य प्रशिक्षक पंडित, पण कौतुक बहुतेक मेंटॉर गौतम गंभीरचं झालं. २०२५ ला संघ आठवा आला आणि जुलैमध्ये पंडितांनी संघ सोडला.