कंबरदुखी: ‘नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस’ म्हणजे नेमके कशापेक्षा?

गैरसमज: नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, म्हणजे इलाज सिद्ध झाला.

गुडगाव-नोएडात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांमध्ये कंबरेचा विषय निघाला की कुणीतरी मोबाइल पुढे करतोच: ‘संशोधनानंच सांगितलंय!’ सांगितलं असेल हो, पण कशाच्या तुलनेत?

वस्तुस्थिती: चाचणीतला ‘नेहमीचा उपचार’ बहुधा ठरावीक उपचार नसतोच. त्या गटाला सांगतात, ‘चालू आहे ते चालू ठेवा.’ मग कुणी गोळी घेतो, कुणी शेक, कुणी काहीच नाही. दुसऱ्या गटाला नवा उपचार मिळतो. शिवाय नियमित भेटी, विचारपूस आणि आशा. आपण कोणत्या गटात आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक. दुखणे किती, तेही रुग्णच सांगणार.

अमेरिकेतील 2009 ची 638 रुग्णांची अॅक्युपंक्चर चाचणी घ्या. आठ आठवड्यांनी सुयांच्या गटांत सुमारे 60 टक्के लोकांच्या हालचाली लक्षणीय सुधारल्या, नेहमीच्या उपचारांत 39 टक्के. जाहिरात इथे थांबते. पण त्या 60 टक्क्यांत एक लुटुपुटीचा गटही होता. त्यांना सुई नव्हे, नळीतून दात कोरायची काडी टेकवली होती! खऱ्या सुया तिच्यापेक्षा सरस ठरल्या नाहीत. आणि त्या 39 टक्क्यांना तर काडीही लागली नाही. कंबरदुखी अनेकदा आपोआपही उतरते.

दिल्लीच्या एम्समध्ये 70 रुग्णांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योगाची गाठ थेट रूढ व्यायामोपचारांशी घातली. दोन्ही गट सुधारले. वरचढ कुणीच नाही. म्हणजे योग निरुपयोगी नाही, चमत्कारही नाही.

नेहमीच्या उपचारांशी तुलना ही लबाडी नव्हे. ‘आहे त्यात हे जोडले तर रुग्णाचे भले होईल का?’ याचे उत्तर ती देते. गुण कशाने आला, हे मात्र सांगत नाही. भारतात 15 जून 2009 पासून चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते. तिथे आधी तुलनेचा रकाना वाचा, मग मोबाइल पुढे करा.

आणखी काही गैरसमज:

- ‘एमआरआयत चकती फुगलेली, म्हणजे तेच कारण.’ दुखणे नसलेल्यांतही ती सर्रास दिसते.
- ‘पडून राहा.’ उलट, झेपेल तितके हिंडते-फिरते राहा.
- ‘कंबरच ती, थांबेल.’ पायातली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही झाले, तर तडक रुग्णालय गाठा.