ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारी बालके

शेतीच्या दृष्टीने अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेकडे प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखाली उसाचे मळे आहेत. येथेच प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला. दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. दिवाळीच्या सुमारास तेथील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि अंगावरचे मूलही त्यांच्याबरोबर जाते.

पहाटे आई फडात जाते. मूल कोपीत अथवा बांधावर थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असते. पहिले सहा महिने आईचे दूध हाच बालकाचा पूर्ण आहार होय. त्यानंतर दुधाच्या जोडीस घट्ट, मऊ अन्न न मिळाल्यास वाढ खुंटते. चांगल्या वाढीच्या बालकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. पहिल्या दोन वर्षांत राहिलेली उणीव पुढे भरून काढणे अवघड जाते.

या बाबतीत जामखेडचे उदाहरण मननीय आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावच्याच स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर, बालकांची वजने घेण्यास व आहाराविषयी सल्ला देण्यास शिकविण्यात आले. शेतकरी मंडळांनीही साथ दिली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली दर हजारी १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण पुढे चौथ्या हिश्शाहूनही खाली आले. मोठ्या इस्पितळापेक्षा गावाची नजर बालकावर असणे, हेच त्या यशाचे मर्म होय.

ग्रामकार्यकर्त्यांनी टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक बालकाचे वजन करवून कार्ड आईच्या हाती द्यावे. बाजरी व मूग भाजून केलेले पीठ, शेंगदाण्याचे कूट आणि गूळ बरोबर बांधून द्यावा. पीठ पातळ पेजेसारखे न करता घट्ट शिजवून, वर थोडे तेल घालून, दिवसातून तीनचार वेळा भरवावे. जी बालके आजीजवळ मागे राहतात त्यांच्यासाठी न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा व पालेभाजी लावावी.

ऊस उत्पादक बंधूंचेही येथे कर्तव्य आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास स्थानिक अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. तरी फडात टोळी उतरताच अंगणवाडी सेविकेस कळवावे आणि कोप्यांजवळ पिण्याचे स्वच्छ पाणी व सावलीची सोय करावी. ज्यांच्या हातांनी आपला ऊस गाळपास जातो, त्यांचे मूल आपल्याच बांधावर उपाशी राहू नये, एवढी दक्षता प्रत्येक बागाईतदारास सहज घेता येईल.